तिसऱ्या फर्म्याची बंद पानं

दि. ९ जानेवारी

चि. भिंगरी हिस आत्याचे आशीर्वाद, आणि उजव्या कानाला एक चिमटा.

तुझं पाकीट मिळालं. फोडलं तशी आतून चमकी उडाली नि थेट खळीच्या भांड्यात पडली. आता आठवडाभर माझ्याकडून बांधून जाणारं प्रत्येक रजिस्टर लुकलुकणार. कोर्टाची रजिस्टरं आहेत गं ती. न्यायाधीश काय म्हणतील? माझ्याकडची शिवणवाली तर हसून हसून दोरा ओवायची थांबली. तिचा अर्धा तास गेला, तो तुझ्या नावावर.

पत्र चार पानांचं, त्यात अडीच पानं चित्रं. त्यातून मला समजलं ते असं. वाचनालयाच्या बालविभागात तू भिंतीवर कागदाचा सुरवंट केलायस. पोरानं पुस्तक वाचलं की गोल कापायचा, त्यावर पुस्तकाचं नि आपलं नाव लिहायचं, नि सुरवंटाच्या शेपटाला डकवायचा. शिवाय बेडकाच्या तोंडाच्या खुणपट्ट्या, मोज्यांच्या बाहुल्या, नि एक पुठ्ठ्याचं झाड. हे सगळं कशासाठी, तर वाचनाची गोडी लागावी म्हणून. मला एक सांग, भूक लागावी म्हणून कुणी ताटाला झालर लावतं का?

मी चौथीतून उठले नि पुस्तकबांधणीला बसले. मला कुणी बेडूक दिला नाही. तुझा बाप, म्हणजे माझा भाऊ, हातात येईल तो कागद वाचायचा, वाण्याच्या पुडीचासुद्धा. त्याला कुठला सुरवंट होता?

वाचनालयाच्या समितीचं मात्र दोनदा वाचलं. पंधरा मार्चला ते येणार, पोरं वाचत नाहीत असं दिसलं तर तुझ्या खोलीत टेबल-टेनिस मांडणार, नि खोलीबरोबर तुझी नोकरीही जाणार. तीन वर्षं राबलीस तिथं. तेव्हा नाटकं कमी कर नि पोरांपुढे पुस्तक ठेव.

पुठ्ठ्याच्या नि रंगीत कागदाच्या कातरणांचं एक पोतं पाठवलंय. ते तुझं खरं मानून नव्हे, जागा अडत होती म्हणून.

माया आहे ती असू दे, चमकी नको.
तुझी आत्या

दि. १७ जानेवारी

ती. आत्यास भिंगरीचा वाकून नमस्कार (कान झाकून).

पोतं पोचलं. जागा अडत होती म्हणून पाठवलंस, पण कातरणं रंगाप्रमाणे वेगळी बांधलेली होती नि प्रत्येक गठ्ठ्याला दोरी होती. तुझी जागा फारच नीटनेटकी अडते.

तू काहीही म्हण, आमचा सुरवंट आता दारावरून वळून खिडकीपर्यंत गेलाय. दोनशे बारा गोल! चार महिन्यांत एकतीस मुलांनी दोनशे बारा पुस्तकं वाचली. पूर्वी ही खोली म्हणजे मोडक्या खुर्च्यांची अडगळ होती. आता दुपारी चारला दार उघडायच्या आधी जिन्यावर रांग लागते. मी आकडा वार्षिक अहवालात दिला, तो छापूनही आला. आमचे अध्यक्ष वजनमापे निरीक्षक होते, निवृत्त झाले तरी निरीक्षण सुटलेलं नाही. त्यांनी अहवालात दोनशे बाराखाली पेन्सिलीनं रेघ मारून ठेवलीय. टेबल-टेनिसवाले सभासद त्यांच्या मागे हात धुऊन लागलेत, पण आकड्यापुढे त्यांचं काय चालणार?

सोबत एक पुस्तक दुरुस्तीला पाठवतेय. एका दीपगृहावरच्या माणसाची गोष्ट आहे, चौसष्ट पानांची. आमचं सर्वांत लाडकं! एकट्या या पुस्तकाचे तेवीस गोल आहेत. इतकं वाचलं गेलंय की पाठ सुटली नि पुठ्ठा निखळला. समिती यायच्या आत बांधून दे. मला ते टेबलावर मधोमध ठेवायचंय.

शिवणवालीच्या अर्ध्या तासाबद्दल बेडकाची एक खुणपट्टी पाठवतेय. तू वापरू नकोस.

रागावत राहा, पण लांबून नको.
तुझी भिंगरी

दि. २४ जानेवारी

चि. भिंगरी हिस आशीर्वाद. आज तेवढेच.

पुस्तक उघडलं. बसून वाच.

तुला ठाऊक आहे तरी सांगते. छापलेला मोठा कागद तीनदा दुमडला की सोळा पानांचा एक फर्मा होतो. असे फर्मे शिवायचे, मग कापायच्या यंत्राखाली धरून कडा उडवायच्या, म्हणजे घड्या सुटतात नि पानं मोकळी होतात. एखादा फर्मा शिवताना आत सरकला तर त्याला पातं लागतच नाही. त्याच्या घड्या बंदच राहतात. सोळातली चार पानं दिसतात, बारा पोटात.

तुझ्या लाडक्या पुस्तकाचा तिसरा फर्मा असा आहे. तेहेतिसावं पान दिसतं, त्यानंतर एकदम चाळीस. चाळीस-एकेचाळीस झालं की थेट अठ्ठेचाळीस. मधलं सगळं शिवल्यापासून आजवर कुणी उघडलेलं नाही. घडी अशी कोरी आहे की बोट फिरवलं तर बोट कापेल.

तेवीस पोरांनी वाचलं म्हणतेस. तेविसातल्या एकानंही विचारलं नाही की दीपगृहवाला तेहेतिसाव्या पानावर जिना चढत होता तो चाळिसाव्यावर होडीशी काय करतोय?

आता पाठ मोडली त्याचं. वाचून मोडलेली पाठ आतून सैल होते, ती मी डोळे मिटून ओळखते. ही वरून दबलीय. नि मागच्या पुठ्ठ्यावर कंपासच्या टोकाची भोकं आहेत. मी मोजली, साठाच्या वर गेल्यावर सोडून दिलं. पोरांनी हे पुस्तक खाली पाट म्हणून घेतलं नि त्यावर कागद ठेवून तुझ्या सुरवंटाचे गोल काढले. पुठ्ठा जाड होता, माप बेताचं होतं, म्हणून लाडकं. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

एक गोष्ट माझ्या पदरात घेते. आतल्या अस्तरावर माझ्याच कारखान्याची चिठ्ठी आहे. अकरा वर्षांपूर्वी हे मी बांधलं. फर्मा सरकला तो माझ्या हातून. पण माझी चूक अकरा वर्षं लपली ती तुमच्या वाचकांच्या कृपेनं.

पुस्तक माझ्या टेबलावर आहे. हात लावलेला नाही. समितीला काय सांगणार आहेस?

काळजीत असलेली
आत्या

दि. १ फेब्रुवारी

ती. आत्यास नमस्कार.

तुझं पत्र खोलीत उभ्यानं वाचलं, मग खाली बसले.

मुलांना ओरडले नाही. आमच्यात एक दातपडकी आहे, पुढचे दोन दात पडलेत पण जीभ शाबूत. तिचे सतरा गोल. तिला बाजूला घेऊन विचारलं. ती अजिबात घाबरली नाही. म्हणाली, पहिलं पान वाचायचं, शेवटचं वाचायचं, मग गोल कापायला बसायचं, कारण सगळं वाचत बसलं तर डिंकाची बाटली मोकळी मिळत नाही. नि मलाच विचारलं की ताईनं तरी कुठे म्हटलं होतं मधलं वाचा म्हणून. खरंच नव्हतं म्हटलं. आत्या, सगळ्यांत वाईट हे की ते पुस्तक मीसुद्धा वाचलेलं नाही. मी रंगीत कागद कापत होते.

टेबलावरची आणखी दहा पुस्तकं तपासली. दोन-तीन खरी वाचलेली वाटली. बाकीच्यांची मधली पानं अशी कोरी, की इस्त्री केलेली.

पण आता मागे कसं जाऊ? दोनशे बारा छापलं गेलंय. अध्यक्षांना ग्रॅमचा फरक सहन होत नाही. म्हणून एक मागते, नाही म्हणू नकोस. ती पानं तू यंत्राखाली धरून मोकळी कर, पाठ बांध, पुठ्ठा बदल, नि पुस्तक पाठव. कुणाला कळणार नाही. पंधरा मार्च निभला की मी सगळं नव्यानं नीट करीन, तुझी शपथ. खोलीच गेली तर नीट करायला उरेल काय?

तुझ्यावरच भिस्त आहे.
भिंगरी

दि. ६ फेब्रुवारी

चि. भिंगरी हिस आशीर्वाद.

नाही.

माझ्या पात्यानं मी चाळीस वर्षं कागद कापला. तुझं खोटं कापून द्यायला ते पातं नाही. नि माझी शपथ घेऊ नकोस, मी अजून वापरात आहे.

तुझ्या दातपडकीचं डोकं बरं आहे. तू डिंकाची रांग लावलीस, ती डिंकाच्या रांगेत उभी राहिली. गोल कापल्याबद्दल शाबासकी दिलीस, तिनं सतरा कापले. पोरं लबाड नाहीत, तू आधी कळस केलास नि पाया विसरलीस.

आता ऐक. परवा दुपारी शिवणवाली जेवायला गेली ती येईचना. बघते तर माझ्या टेबलाशी वाकलेली, तुझं पुस्तक उलटं धरून बंद घडीच्या खालच्या फटीतून आत डोकावतेय. एक डोळा मिटलेला. तिला ओळीखाली बोट धरल्याशिवाय वाचता येत नाही, नि फटीत बोट जाईना, म्हणून हेअरपिन घातलेली. मी खेकसले तर म्हणाली, गोष्टीत समोरच्या ओसाड खडकावर दिवा लागलाय, तिथं कुणी राहत नाही, मग लावला कुणी ते बंद पानात आहे. खळ करपली. पण मला अक्कल आली. उघडं पडलेलं पुस्तक तेवीस पोरं पाट म्हणून वापरतात, नि बंद पानासाठी साठीची बाई हेअरपिन काढते.

या पुस्तकाचे सुटे फर्मे माझ्या माळ्यावर अकरा वर्षं पडलेत. छापखानेवाला धंदा मिटून गेला, न्यायला कुणी आलं नाही. पहिला, दुसरा, तिसरा, असे चाळीस जोड पाठवतेय. दुमडलेले, न कापलेले. सोबत दोऱ्याची रिळं, चार दाभणं, नि घडी दाबायच्या हाडाच्या पट्ट्या. पट्टीला धार नसते, बोट कापत नाही, घडी मात्र कापते.

पोरांना करायला हस्तकलाच पाहिजे ना? मग ही कर. फर्म्याच्या पाठीला दाभणानं तीन भोकं. दोरा मधल्या भोकातून आत, कडेच्या दोन्हींतून फिरवून परत मधल्यात, गाठ आत. तिन्ही फर्मे असे शिवून पाठीला कापडाची पट्टी खळीनं डकवायची. झालं पुस्तक. चमकी नाही, बेडूक नाही. नियम एकच, तो भिंतीवर लिही: वाचलं तेवढंच कापायचं. पानाच्या टोकाला आलात की पट्टी घाला नि पुढचं सोडवा. किती वाचलं ते मग कुणाला विचारायला नको. कापलेली कड खोटं बोलत नाही.

सुरवंट उतरव. समितीला खरं सांग. खोली गेली तर गेली, पण खोटेपणानं राहिलेल्या खोलीत तू रोज काय तोंडानं बसणार?

कडक बोलले, पण पोस्टेज माझं आहे.
आत्या

दि. २३ फेब्रुवारी

ती. आत्यास नमस्कार, नि शिवणवाल्या मावशींना डबल.

सुरवंट उतरवला. रडारड झाली. एका आईनं येऊन सांगितलं की तिचा मुलगा सुरवंटासाठी येत होता, पुस्तकांसाठी नव्हे, नि तिचं खरं होतं. एकतीस मुलांची नऊ झाली. दोन दिवस जिना ओस.

नऊजणांनी फर्मे शिवले, त्यांचं बघून आणखी दोघं परत आली, झाले अकरा. दाभण हातात आल्यावर मुलं इतकी गंभीर होतात हे मला माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी दोघांनी सरळ सगळ्याच घड्या फाडल्या नि हात झटकले. दातपडकीनंच त्यांना सांगितलं की आता तुमच्याजवळ नुसतं पुस्तक राहिलं. ते पुन्हा नवे फर्मे मागायला आले.

आता खोलीत फक्त घडी सुटल्याचा आवाज येतो. सर्रकन्. तो आवाज झाला की बाकीचे विचारतात काय झालं, नि कापणारा सांगत नाही. सांगायचं नाही हा नियम मी केलेला नाही, त्यांनीच केला. मीही एक जोड घेतला. आत्या, मी घरी भात करपवला.

अकराजण तिसऱ्या फर्म्याच्या टोकाला पोचलेत, नि इथं घोटाळा आहे. दीपगृहवाला होडी घेऊन त्या खडकाकडे निघतो. अर्ध्या वाटेत मागे वळून बघतो तर त्याच्याच मनोऱ्यातला दिवा कुणीतरी विझवलेला. इथं फर्मा संपतो! पुढचा कुठे आहे? मुलं मला काल घरापर्यंत सोडायला आली, प्रेमानं नव्हे, चौकशीला. चौथा फर्मा ताबडतोब पाठव. चाळीस नसतील तर अकरा. अकरा नसतील तर एक.

वाट पाहणारी
भिंगरी (आणि खाली अकरा सह्या)

दि. २७ फेब्रुवारी

चि. भिंगरी हिस, नि त्या अकरा सह्यांना, आशीर्वाद.

चौथा नाही. ज्या गठ्ठ्यात चौथा होता त्यावर माळ्याची गळती लागली, त्याची भिजून वीट झालीय. मला आधी बघायला पाहिजे होतं. बघितलं नाही. झालं.

माझ्या माहितीत आता पुरी गोष्ट एकाच पुस्तकात आहे, ते तुझं वाचनालयाचं, माझ्या टेबलावरचं. पाठ नव्यानं शिवली, पुठ्ठा बदलला. तिसरा फर्मा मुद्दाम बंदच ठेवलाय. चौथा मोकळा आहे. माणसाहाती पाठवतेय, पोस्टावर माझा विश्वास नाही.

आत गेल्या गेल्या त्यावर शिक्का मार: बालविभाग, फक्त खोलीतच वाचणे. घरी न्यायचं नाही. ज्यानं आपले तिन्ही फर्मे कापलेत त्यानंच चौथ्याला हात लावायचा, नंबर लावून. शेवट फोडील त्याचा नंबर शेवटी.

शेवट मला कळवू नकोस. माझी शिवणवाली सध्या कामात आहे.

आत्या

दि. १६ मार्च

ती. आत्यास नमस्कार.

काल समिती येऊन गेली. सगळं ओळीनं सांगते.

पाचजण आले. टेबल-टेनिसवाल्या दोघांनी येतानाच टेप आणली होती, त्यांनी आल्या आल्या खोलीची लांबी मोजली. अध्यक्षांनी खिशातून अहवाल काढला नि पेन्सिलीची रेघ दाखवून विचारलं, दोनशे बारा कुठे आहेत. मी सांगितलं की ते गोल होते, वाचलेली पुस्तकं नव्हती. मी मोजले कागद नि लिहिलं वाचन. चूक माझी. आज मी छातीठोक सांगू शकते ते अकरा मुलांचं, तेही एकाच पुस्तकाचं, तेही पाऊण, चौथ्या फर्म्याचे नंबर अजून चालू आहेत. टेपवाले एकमेकांकडे बघून हसले. एकानं म्हटलं, अकरा म्हणजे क्रिकेटची टीम झाली, टेबल-टेनिसला चारच लागतात. त्याला स्वतःचा विनोद फार आवडला.

अध्यक्ष हसले नाहीत. वजनमापेवाला माणूस, आकडा खोटा निघाल्यावर त्यांचा चेहराच सुकला. मुलं वाचत बसलेली. एकानंही मान वर केली नाही, मी शिकवलं नव्हतं तरी. ते दातपडकीच्या मागे जाऊन उभे राहिले, तिच्या हातातली वाचनालयाची प्रत उचलली, कडा तपासल्या. मग तिसऱ्या फर्म्याच्या बंद घडीत नख घालून पुढचं उघडायला गेले. तिनं पुस्तक ओढून घेतलं. मग म्हणाली,

“आजोबा, वाचलं तेवढंच कापायचं. पहिल्या पानापासून या.”

अध्यक्षांनी तिच्याकडे बघितलं, मग भिंतीवरच्या नियमाकडे. मला म्हणाले की मुलांच्या हाती दाभण दिलंय ते सुरक्षित आहे का हे पाहणं त्यांचं कर्तव्य आहे, तेव्हा एक जोड द्यावा. बुटक्या स्टुलावर बसले नि शिवलं! भोकं खिशातल्या पट्टीनं मोजून पाडली. बाकीचे चौघं उभे. शिवलेलं पुस्तक अध्यक्ष घरी घेऊन गेले.

निर्णय दहा एप्रिलच्या बैठकीत. जाताना टेपवाल्यानं सांगितलं की अकरावर खोली टिकत नसते, मी दुसरी नोकरी बघायला लागावं. मला तेच खरं वाटतं. तरी एक सांगते, काल झोप चांगली लागली.

तुझी
भिंगरी

दि. २४ मार्च

श्रीमती चालक, बांधणी कारखाना यांसी अध्यक्ष, वाचनालय समिती यांचा स. न. वि. वि.

आपण आमच्या बालविभागास पुरवलेल्या सुट्या फर्म्यांची मी तपासणी केली. पृष्ठ ३७ वर गंभीर विसंगती आढळली. दीपगृहात चाळीस रात्रींचं तेल आहे, रोज एक माप जळतं. सव्विसावी रात्र सरल्यावर चौदा मापं उरायला हवीत. पुस्तकात सोळा उरल्याचं नमूद आहे. दोन मापं कुठून आली? मुलांच्या हाती असं चुकीचं माप देणं योग्य नाही.

ही चूक पुढे दुरुस्त झाली आहे किंवा कसे हे चौथा फर्मा पाहिल्याविना ठरवता येत नाही. तो फक्त तपासणीसाठी हवा आहे. बालविभागातली प्रत मागितली असता तिच्यावर ‘फक्त खोलीतच’ असा शिक्का असल्याचं बाईंनी दाखवलं. शिक्क्याचा मान मी आयुष्यभर राखला आहे, त्यामुळे आग्रह धरता आला नाही. मुलांकडे सहज चौकशी केली, त्यांनी उत्तर देण्याचं नाकारलं.

तरी आपल्याकडे दुसरी प्रत असल्यास माझ्या घरच्या पत्त्यावर पाठवावी. मनोऱ्यातला दिवा कोणी विझवला, हाही मुद्दा तपासणीत येतो.

सहकार्याची अपेक्षा ठेवणारा,
अध्यक्ष

दि. २८ मार्च

अध्यक्षसाहेब यांसी बांधणीवालीचा नमस्कार. विनंती काही नाही, उत्तर आहे.

दुसरी प्रत नाही. पाण्यानं नेली. असती तरी पाठवली नसती.

तेलाच्या दोन मापांचं म्हणाल तर मी तुमच्याएवढी शिकलेली नाही. पण चाळीस वर्षांत एक बघितलंय, पुस्तकात चूक दिसली की माणूस पुस्तक मिटतो. तुम्ही पत्र लिहिलंत. तपासणी म्हणा, काही म्हणा, बाईला हेअरपिन लागते, तुम्हाला लेटरहेड लागलं. एवढाच फरक.

तुम्हाला पुढचं वाचायचं असेल तर सरळ आहे. तिन्ही फर्मे कापून झालेत ना? खोलीत जा, नंबर लावा. अकराजण पुढे आहेत, तुम्ही बारावे. स्टूल बुटकं आहे, गुडघे सांभाळा. नि घाई करा. दहा तारखेला बालविभाग बंद केलात तर तुमच्याच नियमानं त्याची पुस्तकं गठ्ठ्यात बांधून गोदामात जातील. मग दिवा कुणी विझवला ते उंदरांना कळेल, तुम्हाला नाही.

माझ्या भाचीनं तुम्हाला खोटा आकडा दिला, त्याबद्दल मी तिची कानउघाडणी केली आहे. नंतर खरा आकडा तिनंच दिला. टेपवाल्यांनी तुम्हाला आजवर कुठलाच दिलेला दिसत नाही.

फटकळपणा पोटात घाला.
बांधणीवाली

दि. ११ एप्रिल

ती. आत्यास साष्टांग नमस्कार, खराखुरा, फरशीवर.

तू अध्यक्षांना काय लिहिलंस कोण जाणे. एक तारखेला चार वाजता ते जिन्यावरच्या रांगेत, चिमुरड्या मुलांच्या मागे, छत्री घेऊन उभे! मी आत बोलवलं तर म्हणाले, नंबरानं येईन. रोज येत होते. वाट बघताना इतर पुस्तकं वाचत, चष्मा लावून, ओठ हलवत. नवे फर्मे शिवणाऱ्या मुलांची भोकं मोजून देत. त्यांची गंमत बघायला म्हणून जुनी सात मुलं परत आली नि दाभण घेऊन बसली.

त्यांचा नंबर लागला तो नेमका काल, बैठकीच्याच दिवशी. बैठक पाचला, खाली सभेच्या खोलीत. पाच वाजले, अध्यक्ष उठेनात. सव्वापाचला सगळी समिती वर आली. ते छपन्नाव्या पानावर होते. टेपवाल्यानं तावातावानं विषय मांडायला घेतला, तर यांनी वर न बघता बोट ओठांवर ठेवलं. दातपडकीनं पण ठेवलं. मग सगळ्या खोलीनं.

अठ्ठावन्नाव्या पानावर ती दोन मापं कुठून आली ते त्यांना कळलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, एवढंच सांगते.

तेव्हा मला तुझं हेअरपिनवालं पत्र आठवलं. मी अर्ज लिहूनच ठेवला होता: बालविभाग याच खोलीत, याच बाईंकडे, पुढची तीन वर्षं. शेवटची दोन पानं राहिली होती तेव्हा तो त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो नीट वाचला, कुणी म्हणायला नको की फसवून घेतला. ‘तीन वर्षं’पुढे ‘पूर्ण’ असा शब्द घातला, तारीख टाकली, समितीकडे बघून कुणाची हरकत आहे का विचारलं. आवाज इतका हळू होता की हरकतही कुणाला हळूच घ्यावी लागली असती, नि टेपवाल्याला हळू बोलता येत नाही. सही झाली. मग ते परत पुस्तकाकडे वळले.

आत्या, मी जिन्यात जाऊन रडले. आता सांग, अर्ज मधेच पुढे केला हे बरोबर केलं की आगाऊपणा झाला?

तुझ्याच ओरड्याची
भिंगरी

दि. १५ एप्रिल

चि. भिंगरी हिस अनेक आशीर्वाद. या वेळी कान मोकळा सोडलाय.

तीन वर्षं मिळाली म्हणून उड्या मारू नकोस. अठरा पोरं नि एक म्हातारा, याला वाचनालय म्हणत नाहीत. छपाईत वाया गेलेले फर्मे कुठल्या छापखान्यात पडलेत ते मी विचारायला लागलेय. भूगोल असला तरी घे. बंद असलं की चालतं.

अर्जाचं विचारतेस. बरोबर केलंस, नि वेळेवर केलंस. दोन पानं थांबली असतीस तर गेली होती खोली. माणूस पुस्तकातून उठला की पुन्हा अध्यक्ष होतो.

पत्र पाठवत जा, जाडजूड.
आत्या